कंपवात आणि मेंदूतील पेशीरोपण

सही जुळत नाही म्हणून परत करावी लागलेली पैसे काढण्याची पावती, ही बँकेच्या काउंटरवरील नित्याची बाब. रायपूरच्या आमच्या शाखेत एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत असे तीनदा घडले. नमुना कार्डावरील त्यांची सही ठसठशीत आणि वळणदार होती. पावतीवरील सही मात्र आरंभी ठीक, पण शेवटाकडे बारीक होत जाऊन मुंगीएवढी झालेली. हात फारसा थरथरतही नव्हता. अक्षर असे बारीक होत जाणे हे कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्सचे, एक लक्षण आहे हे आम्हांस पुढे त्यांच्याकडूनच कळले.

काही महिन्यांनी गुरुजी मुलासह आले ते पाच लाखांची मुदत ठेव मोडण्यासाठी. हाती एक रंगीत माहितीपत्रक होते. मेंदूत नव्या पेशी सोडून कंपवात बरा करण्याची हमी त्यात दिलेली होती. "साहेब, हे खरं असेल का हो?" त्यांनी विचारले. ठेव मोडली तर व्याज किती कमी मिळेल, एवढेच सांगणे माझ्या अधिकारात होते. पण प्रश्न मनातून जाईना. त्यानिमित्ताने जे वाचनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

या विकाराचे शास्त्रीय वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करतात व त्याच्या आधारे आपल्या हालचाली सुरळीत चालतात. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांतील बराच मोठा वाटा संपलेला असतो. १९६० च्या दशकापासून लेव्होडोपा हे औषध उपलब्ध आहे व आजही तेच मुख्य आहे. (आपल्याकडे कुंपणावर चढणाऱ्या खाजकुइलीच्या, म्हणजे इकडच्या केवांचाच्या, बियांतही हेच द्रव्य असते. १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्यातून वेगळे केले होते. मात्र बिया दळून स्वतःच औषध घेण्याचा मोह कोणी धरू नये.) वर्षे लोटतात तसा या औषधाचा प्रभाव कमी वेळ टिकू लागतो, आणि अंगास नको त्या हालचालीही सुटतात.

मग गेलेल्या पेशींच्या जागी नव्याच का लावू नयेत? छत्तीसगडात राहणाऱ्यास ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. धानाचे पऱ्हे कोवळे असतानाच उपटून रोवावे लागतात. जून रोप मूळ धरीत नाही. मज्जापेशींचेही तसेच आहे. प्रौढ मेंदूतील पेशी दुसरीकडे जगत नाहीत, गर्भातील अपरिपक्व पेशी जगतात. १९७९ मध्ये उंदरांवर हे सिद्ध झाले. १९८२ मध्ये स्टॉकहोम येथे रुग्णाच्याच अधिवृक्क ग्रंथीतील ऊती त्याच्या मेंदूत बसविण्यात आली. लाभ अल्पजीवी ठरला. १९८७ मध्ये मेक्सिकोच्या इग्नासिओ माद्राझो यांनी याच पद्धतीने आश्चर्यकारक सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले आणि अनेक देशांत अशा शस्त्रक्रियांची लाट आली. ती काही वर्षांतच ओसरली. त्याच वर्षी स्वीडनमधील लुंड येथे गर्भपातानंतर मिळालेल्या गर्भऊतीचे रोपण सुरू झाले आणि काही रुग्णांत खरोखर दीर्घकाळ सुधारणा दिसली. परंतु एका रुग्णासाठी अनेक गर्भांतील ऊती लागे. त्यातील नैतिक अडचण उघड आहे.

सर्वांत बोधप्रद प्रयोग अमेरिकेतला, २००१ साली प्रसिद्ध झालेला. चाळीस रुग्णांपैकी निम्म्यांच्या मेंदूत ऊती सोडली. उरलेल्यांच्या कवटीस केवळ छिद्रे पाडली. कोणास काय झाले हे रुग्णांस ठाऊक नव्हते. वर्षाअखेर रुग्णांनी स्वतः आपल्या प्रकृतीविषयी दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. साठीच्या आतील रुग्णांची हालचाल तपासणीत सुधारली होती हे खरे; पण रोपण झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना औषध कमी वा बंद करूनही न थांबणाऱ्या हालचाली जडल्या. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर जमेची बाजू सर्वांनी पाहिली होती, नावेची प्रथमच लिहिली गेली. पुढे २००८ मध्ये, दशकाहून अधिक काळ टिकलेल्या रोपित पेशींतही या रोगाच्या खुणा आढळल्या.

तरी संशोधन थांबलेले नाही. शिन्या यामानाका यांच्या शोधामुळे प्रौढ पेशीपासून मूलपेशी घडविता येतात. क्योटो विद्यापीठात अशा पेशींपासून तयार केलेल्या पूर्वज मज्जापेशींचे रोपण २०१८ पासून सात रुग्णांत करण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, परिणामांसाठी तपासलेल्या सहांपैकी चौघांची औषध न घेतलेल्या अवस्थेतील हालचाल दोन वर्षांनी सुधारलेली होती आणि गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. अमेरिका व कॅनडातील बारा रुग्णांवरील प्रयोगही त्याच वेळी प्रसिद्ध झाला. दोहोंत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २००१ चा अनुभव आठवला की ही उणीव लहान वाटत नाही.

आपल्या देशात बंगळुरू येथे डॉ. वेंकटरमण व सहकाऱ्यांनी सात रुग्णांच्या मेंदूत त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी सोडल्या. २०१० मधील त्यांच्या अहवालानुसार तिघांत सुधारणा आढळली. तेथेही तुलनेचा गट नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही विकारांखेरीज मूलपेशींचा उपचार हा केवळ प्रयोग होय. तो मान्यताप्राप्त, नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. तेव्हा माहितीपत्रकात नोंदणी क्रमांक आहे काय, हा पहिला प्रश्न.

गुरुजींच्या पत्रकात तो नव्हता. दर मात्र छापलेला होता. ते मुलास घेऊन आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले आणि आठवड्याने परत आले. ठेव तशीच ठेवण्याचे ठरले होते. गोळ्यांच्या वेळा बदलून मिळाल्या होत्या, त्याने सकाळचे चालणे बरेच सुधारले होते. हात अगदीच चालेनासा झाला तर दोन साक्षीदारांसमक्ष अंगठ्यानेही पैसे काढता येतात, साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो, हे मी त्यांना सांगितले. "अंगठा? सदतीस वर्षं पोरांना शाई-टाक धरायला शिकवलंय, साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी नवे नमुना कार्ड मागितले. त्यावरील सही बारीक आहे. पावत्यांशी जुळते.