सवयीचा पत्ता

आमच्या स्वयंपाकघरात केराचा डबा कित्येक वर्षं सिंकच्या डावीकडे होता. गेल्या पावसाळ्यात तिथली भिंत झिरपायला लागली, म्हणून तो उचलून उजवीकडे, फ्रिजशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळला, गाळणं उचललं, डावीकडे वळलो आणि चोथा बदकन फरशीवर. डावा पाय नसलेलं पेडल दाबत होता. तिसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशीही तेच. डबा कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक होतं, मीच तर तो हलवला होता. पण चोथा टाकायचं काम मी करतच नव्हतो. पाय आणि मनगट ते परस्पर उरकत होते.

याला आपण अंगवळणी पडणं म्हणतो. शब्द नेमका आहे. वळण पडतं ते अंगाला; जिद्द, निर्धार, इच्छाशक्ती यांचा त्यात कुठे उल्लेखही नाही.

माझा भाचा मात्र सगळं खापर इच्छाशक्तीवरच फोडत होता. तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी लातूरहून पुण्यात आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. खोलीत चौघं, जेवण मेसचं, अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून मिळवलेली एक खुर्ची. त्याच्या कॉटच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर २१ चौकोन आणि वर ठळक अक्षरांत ‘पहाटे ५’. पहिल्या आठ चौकोनांत बरोबरची खूण, नवव्यात फुली, पुढचे सगळे कोरे. ‘‘मामा, विल पॉवरच नाही माझ्यात,’’ असं म्हणून तो मोकळा झाला. मला त्या फुलीपेक्षा २१ या आकड्याचंच कुतूहल होतं.

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनपर्यंत मागे नेता येतो. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण २१ दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं. १९६०च्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं, तेही ‘किमान’ हा शब्द घालून. पुस्तक तुफान खपलं आणि वाटेत तो ‘किमान’ गळून पडला. नव्या नाकाची सवय होणं आणि पहाटे पाचला अंथरूण सोडणं, यांत काही फरक असेल हेही कुणी विचारलं नाही.

तो प्रश्न विचारला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडायला लावली. कुणी दुपारच्या जेवणासोबत बाटलीभर पाणी प्यायचं ठरवलं, कुणी फळ खायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पाव तास पळायचं. अट एवढीच, की ती गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधलेली हवी. मग ८४ दिवस प्रत्येकाने रोज नोंद केली: आज केलं का, आणि ते किती आपोआप झालं? सवय पक्की होण्याचा मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण त्या आकड्यावरही भाळू नये, कारण सगळ्यात लवकर सवय लागलेल्याला १८ दिवस पुरले होते आणि सगळ्यात उशिराचा अंदाज २५४ दिवसांचा होता. अंदाज म्हणायचं कारण प्रयोगच मुळी ८४ दिवसांचा. पुढची रेघ गणिताने ओढलेली. पाणी पिणं पटकन अंगी मुरलं, व्यायामाला वेळ लागला. आणि ज्यासाठी मी हे भाच्याला वाचून दाखवलं ते असं: मध्ये एखादा दिवस चुकला, तर एकूण वाटचालीत नाव घेण्याजोगा फरक पडत नव्हता. नवव्या चौकोनातली फुली ही फक्त एक फुली होती. तिने दहाव्या चौकोनाचं काही बिघडवलं नव्हतं.

आता सवय ‘लागते’ म्हणजे डोक्यात काय होतं? मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत अ‍ॅन ग्रेबील यांच्या गटाने ते उंदरांच्या मेंदूत पाहिलं. इंग्रजी ‘टी’च्या आकाराची बोळकांडी, टोकाला खाऊ आणि कुठे वळायचं ते सांगणारा आवाज. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागात बारीक तारा बसवून पेशींची हालचाल टिपली जात होती. सुरुवातीला उंदीर पळत असताना वाटभर पेशी गजबजलेल्या. रोजचा सराव झाल्यावर ही गजबज दोनच ठिकाणी उरली, धाव सुरू होताना आणि धाव संपताना. मधला सगळा प्रवास एकच गाठोडं झाला होता. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. माझं चोथ्याचं गाठोडंही असंच असणार: गाळणं हातात आलं की सुटतं, झाकण खाली पडलं की बांधलं जातं.

म्हणजे खरी मेख गाठोडं सोडणाऱ्या त्या पहिल्या खुणेत आहे. ती खूण बहुतेक वेळा आपल्या बाहेर असते. जागेत, वेळेत, समोरच्या वस्तूत. यावरचा माझा आवडता प्रयोग पॉपकॉर्नचा आहे. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी तो २०११मध्ये प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात आलेल्यांना त्यांनी फुकट पॉपकॉर्न वाटले. काहींच्या डब्यात ताजे, काहींच्या डब्यात सात दिवसांचे, चामट झालेले. नंतर कुणी किती खाल्ले ते वजन करून पाहिलं. पिक्चरला पॉपकॉर्न हवेतच अशी सवय असलेल्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले. विचारल्यावर मात्र आवडले नाहीत म्हणाले! तेच पॉपकॉर्न सभा-बैठकांच्या एका खोलीत गाण्यांचे व्हिडिओ पाहताना दिले, तेव्हा शिळ्या डब्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पुढे चित्रपटगृहातच, पण रोजच्या नव्हे तर दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तरी तोच परिणाम. हात बदलला आणि जिभेला अचानक चव कळायला लागली.

मग जागाच बदलली तर? वुड यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेले विद्यार्थीही अभ्यासले. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही पाहणं या सवयी नव्या गावात टिकल्या त्या जिथे आधीसारखीच परिस्थिती मिळाली तिथे. ती मिळाली नाही तिथे जुनी सवय ढिली पडली आणि मुलं पुन्हा आपल्या मनाप्रमाणे वागू लागली.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं. १९७१मध्ये तिथून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी माग ठेवला. साधारण पाचातला एक जण तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेला होता, पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे पाच टक्केच पुन्हा त्या विळख्यात सापडले. याचं सगळं श्रेय जागाबदलाला देता येणार नाही. युद्धाची भीती संपली होती, घरची माणसं भेटली होती, माल तितका सहज मिळत नव्हता. तरीही ज्या झाडाखाली, ज्या सोबत्यांबरोबर ती पूड ओढली जायची ते सगळं मागे राहिलं, ही गोष्ट लहान नव्हे.

या नजरेने भाच्याची खोली पाहिली तर घोटाळा लगेच दिसतो. सहा फूट बाय अडीच फुटांच्या त्या कॉटवर तो झोपतो, वाचतो, चिवडा खातो, घरी फोन करतो आणि रील बघतो. उशाला चार्जर. कॉटला पाठ टेकली की अंगठा आपोआप वर सरकू लागतो. संविधानाचं पुस्तक छातीवर उघडं असलं तरी. पुण्यात आल्या आल्या पहिले काही आठवडे त्या कॉटला कसलंच वळण नव्हतं. त्या काळात तिथे जे झालं तेच तिला चिकटलं. घर सोडून शिकायला आलेल्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही. डबा, पांघरूण, आधार कार्डाच्या झेरॉक्सपर्यंत सगळ्याची यादी होते, एवढं राहून जातं.

ठरवलेलं हातून व्हावं यासाठी पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अगदी साधा उपाय तपासला. विद्यार्थ्यांना सांगितलं, नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते ४८ तासांच्या आत लिहून पाठवा. निम्म्यांना आणखी एक विचारलं: नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिणार? असं ठरवलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनी ते वेळेत लिहिलं, बाकीच्यांत जेमतेम एक तृतीयांश. ‘रोज पाचला उठेन’ हा संकल्प झाला. ‘मेसमधून निघालो की खोलीवर न जाता अभ्यासिकेचा जिना चढेन’ यात वेळ आहे, जागा आहे, पायांना कळेल असं काम आहे. भाच्याने २१ चौकोन काढून टाकले आणि चार्जर दाराजवळच्या प्लगला लावला. पहाटे पाच अजून जमत नाही. साडेसहा जमतंय, कारण अलार्म बंद करायला दारापर्यंत चालत जावं लागतं आणि न गेल्यास बाकीचे तिघं शिव्या घालतात.

परीक्षेच्या आठवड्यात काय होईल, हा त्याचा पुढचा प्रश्न. त्यावरही नील आणि वुड यांचा २०१३चा अभ्यास आहे. परीक्षेच्या ताणात विद्यार्थी सवयींना अधिकच धरून राहिले. चांगल्या नाश्त्याची सवय असलेले चांगल्या नाश्त्याला, गोडाधोडाची असलेले गोडाधोडाला. थकलेलं डोकं निवड करत नाही, हाताशी असेल ते गाठोडं उचलतं.

आणि जुनं गाठोडं कुठे जातही नाही. ग्रेबील यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचा खाऊ बंद केला, तेव्हा स्ट्रायटममधली ती सुरुवात-शेवटाची नक्षी पुसल्यासारखी झाली. खाऊ पुन्हा ठेवल्यावर ती लगेच परतली, जणू कुणीतरी घडी करून ठेवली होती. जित्याची खोड म्हणतात ती अशी पेशींतही दिसते.

आमच्या डब्याचं सांगायचं राहिलं. किती दिवसांत ते मोजलं नाही, पण हात हळूहळू उजवीकडे जायला लागला, इतका की बदल झाला होता हेही मी विसरलो. परवा रात्री घरात पाहुणे, गॅसवर सहा कपांचा चहा, हॉलमध्ये फोन वाजतोय, आणि नेमकी लाइट गेली. अंधारात चहा गाळला, गाळणं उचललं, डाव्या पायाने झोकात पेडल दाबलं. चोथा बराच गरम होता.