मातेचा थकवा आणि रक्तांतील लोह

नागपुरांतील प्रतापनगरच्या कोणत्याही गल्लींत पहांटे साडेपांचला स्वयंपाकघराचा दिवा प्रथम लागतो, आणि रात्रीं बहुधा तोच सर्वांच्या शेवटीं मालवतो. मधल्या सतरा तासांत मुलांचे डबे, शाळेची गाडी, सासूसासऱ्यांचीं औषधें, स्वतःची नोकरी, परततांना खामल्याच्या बाजारांतून भाजी, मुलांचा अभ्यास आणि पुन्हां स्वयंपाक हीं सारीं कामें एकाच व्यक्तीच्या हातून पार पडतात. ही व्यक्ति संध्याकाळीं जिना चढतांना मध्येंच थांबते, कठड्याला हात टेकते आणि "आतां वय झालें" असें म्हणते. वय असतें अवघें पस्तीस. घरांतील माणसें तें ऐकतात व तिच्याबरोबर तींही मानून चालतात कीं, आईनें थकणें ही संसाराची रीतच आहे.

हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. थकवा सगळाच मनाचा किंवा वयाचा नसतो; त्याचा पुष्कळसा भाग मोजतां येतो, आणि तोही हाताच्या शिरेंतून काढलेल्या चमचाभराहून कमी रक्तावरून. रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या हिमोग्लोबिन या द्रव्याचें प्रमाण प्रौढ स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तांत निदान १२ ग्रॅम व गर्भवतीच्या रक्तांत निदान ११ ग्रॅम असावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलें आहे. त्याहून कमी भरलें कीं त्या अवस्थेला रक्तक्षय म्हणावयाचें. आयुर्वेदाला ही अवस्था पांडुरोग या नांवानें ठाऊक होती, आणि लोहाचे कल्प हा तिच्यावरील उपाय चरकसंहितेंतही सांगितलेला आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. महाराष्ट्रांतील स्त्रियांचा आंकडा शेंकडा ५४ असून २०१५-१६ च्या पाहणींत तो ४८ होता. मधल्या काळांत घरोघरीं पैसा आला असेल, यंत्रें आलीं असतील. घरांतील स्त्रीचें रक्त मात्र सुधारलें नाहीं.

हिमोग्लोबिनचें काम वाहकाचें आहे. फुप्फुसांतील प्राणवायु उचलून तो स्नायूंपर्यंत व मेंदूपर्यंत पोंचविणें हा त्याचा धर्म, आणि प्राणवायु धरून ठेवण्याची शक्ति त्याच्यांतील लोहाची. लोह कमी पडलें कीं तांबड्या पेशी लहान व फिकट होतात, एका फेरींत कमी माल पोंचतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठीं हृदयाला अधिक फेऱ्या माराव्या लागतात. जिन्यावर होणारी धडधड ती हीच. तिच्या जोडीला डोकें दुखणें, केंस गळणें, नखें ठिसूळ होणें, वरचेवर चिडचिड होणें हीं लक्षणें येतात. कच्चे तांदूळ, माती, पाटीची पेन्सिल किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा हेंही पुष्कळदां लोहाच्या उणिवेचेंच चिन्ह असतें; घरांत मात्र त्याची थट्टा होते. या विकाराची सर्वांत फसवी गोष्ट ही कीं, रक्त महिन्यामहिन्यानें उतरत जातें व शरीर त्याच्याशीं जुळवून घेत राहतें. एका दिवसांत एवढें रक्त गेलें असतें तर सारें घर धांवलें असतें. दोन वर्षांत गेलें तर कोणी मान वर करून पाहत नाहीं.

शरीरांतील लोहाचा हिशेब काटकसरी घराच्या जमाखर्चासारखा आहे. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ती संपल्यावर तिच्यांतील लोह वाया न जातां नव्या पेशींत पुन्हां वापरलें जातें. म्हणून पुरुषानें दिवसाकांठीं एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह शोषून घेतलें तरी त्याचें भागतें. स्त्रीचें तसें नाहीं. प्रत्येक मासिक पाळींत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातें आणि त्याबरोबर पंधरावीस मिलिग्रॅम लोह जातें. एका गर्भारपणाला आरंभापासून बाळंतपणापर्यंत जवळजवळ एक ग्रॅम लोह लागतें, आणि दोन मुलांत अंतर कमी असलें तर पहिलें देणें फिटण्यापूर्वींच दुसरें उभें राहतें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं आहारांतील लोहाचें जें रोजचें प्रमाण सुचविलें, त्यांत पुरुषासाठीं १९ व स्त्रीसाठीं २९ मिलिग्रॅम धरलें आहे. मराठी घरांतलीं ताटें या हिशेबानें वाढलीं जात नाहींत. पहिली पोळी मुलांना, मग घरांतील पुरुषांना. उसळ आणि पालेभाजी यांचा उरलेला तळ आईला. त्यांतच आठवड्याचा उपास आला म्हणजे साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्ट असून लोह त्यांत नांवापुरतें असतें. उपास करणारीनें तो जरूर करावा. पण राजगिरा, शेंगदाणे आणि खजूर हेही उपासाला चालतात, याचा विसर पडूं देऊं नये.

पोटांत गेलेलें सारें लोह रक्तांत जातें असेंही नाहीं. मांस व मासे यांतील लोह आंतड्यांत सुलभपणें शोषलें जातें. धान्यें, डाळी व पालेभाज्या यांतील लोहाचा थोडाच अंश शरीराच्या वाट्याला येतो. पालकाची कीर्ति मोठी, पण त्यांतील लोह सहजासहजीं हातीं लागत नाहीं. येथें स्वयंपाकाची जाण उपयोगी पडते. 'क' जीवनसत्त्व जेवणाबरोबर गेलें तर शोषण वाढतें. चहा-कॉफींतील टॅनिन त्याच्या आड येतें, आणि जेवतां जेवतां चहा घेतला तर शोषण निम्म्याहूनही खालीं येऊं शकतें. नागपूरच्या तर्री-पोह्यांचेंच उदाहरण घ्यावें. तर्रींत चणे आणि वर पिळलेलें लिंबू, म्हणजे लोह व त्याला आंत नेणारा सोबती एकाच बशींत आले. एवढें जमून आल्यावर त्याच घांसाबरोबर उकळलेल्या चहाचा कप येतो आणि मिळविलेलें बरेंचसें धुऊन नेतो. चहा सोडण्याचें कांहीं कारण नाहीं. सोडा म्हटल्यानें नागपुरांत तो कोणी सोडणारही नाहीं. तो तासाभरानें घेतला कीं पुरे.

संत्र्याच्या गांवीं राहणाऱ्या स्त्रीला तर सोबत्याची वाणच नाहीं. आंबिया बहाराचीं संत्रीं हिवाळ्याच्या तोंडीं व मृग बहाराचीं हिवाळा सरतांना बाजारांत येतात. दुपारच्या जेवणावर एक संत्रें सोलून खाणें हा या कामीं स्वस्त आणि रुचकर उपाय आहे. उरलेल्या महिन्यांत लिंबू, आवळा, पेरू हाताशीं असतात. मटकीला मोड आणल्यानें लोहाला अडवून ठेवणारें फायटेट कमी होतें. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईंत शिजविली तर कढईचें थोडें लोह भाजींत उतरतें. म्हणून माळ्यावर टाकलेली जुनी कढई खालीं काढण्यास हरकत नाहीं. अळिवाचे लाडू बाळंतिणीला सव्वा महिना अगत्यानें दिले जातात. त्यानंतर ती बाळंतीण राहत नाहीं, आणि लाडूही बंद होतात. तिची गरज मात्र संपलेली नसते.

अन्न व मातेचें रक्त यांच्या नात्याचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रांतच, मुंबईच्या परळ भागांत, हातीं लागला ही गोष्ट फारशा घरांत ठाऊक नसेल. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मुंबईंतील गिरणकामगार स्त्रियांना गर्भारपणांत तीव्र रक्तक्षय होई, आणि त्यांतून अनेकींचा मृत्यु ओढवे. डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या पुढाकारानें या प्रश्नाचा अभ्यास चालला होता. त्या कामासाठीं लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ सालीं मुंबईस आल्या व हाफकिन संस्थेंत संशोधन करूं लागल्या. या रुग्णांच्या तांबड्या पेशी, लोह कमी पडल्यावर होतात तशा, लहान नव्हत्या. उलट नेहमीपेक्षां मोठ्या होत्या. जंतूंचा संशय घेऊन पाहिला, तो टिकला नाहीं. तेव्हां विल्सबाईंनीं निरनिराळ्या वर्गांतील स्त्रिया काय खातात याची विचारपूस केली, आणि तशाच निकृष्ट आहारावर प्रयोगशाळेंतील माकडें ठेवलीं. तींही रक्तक्षयी झालीं. पुढें यीस्टपासून बनणारा मार्माइट नांवाचा स्वस्त अर्क दिल्यावर माकडांत सुधारणा दिसली, आणि तोच अर्क घेऊन रुग्ण स्त्रियांचेंही रक्त भरून आलें. १९३१ सालीं हें संशोधन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झालें. त्या अज्ञात द्रव्याला पुढें 'विल्स घटक' असेंच म्हणत. १९४१ सालीं अमेरिकन संशोधकांनीं पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळें काढलें व लॅटिनमधील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हें नांव दिलें. थोड्याच वर्षांत तें कृत्रिम रीतीनें तयार करण्याचें काम अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत पार पडलें, आणि त्या पथकाचे प्रमुख होते आंध्रांतून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज गर्भवतीला मिळणाऱ्या लोहाच्या गोळींत फोलिक आम्ल असतें, त्याच्या मागें परळच्या त्या ओळख नसलेल्या गिरणकामगार बायका आहेत.

रक्तक्षय म्हटला कीं लोहाची गोळी, इतकें मात्र हें प्रकरण सोपें नाहीं. विदर्भांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार बराच आढळतो, आणि त्यांतील रक्तक्षय लोहानें हटत नाहीं. शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असूं शकते. चाळिशीच्या सुमारास पाळींत फार रक्त जाऊं लागलें तर गर्भाशयांतील गाठींसारखें कारण शोधावें लागतें. "या वयांत असें व्हायचेंच" या वाक्यानें किती रक्त वाहून गेलें असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाहीं. म्हणून तपासणी आधीं, गोळी मागाहून. हिमोग्लोबिनची तपासणी स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयांत सहज होते, आणि खास स्त्रियांसाठीं असलेलें डागा स्मृति रुग्णालय नागपूर शहरांतच आहे. मुलांच्या लसीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेली असते. तिच्याखालीं आईच्या रक्ततपासणीची तारीख लिहायला रकाना रिकामाच असतो.

सरकारनें १९७० सालापासून लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्यांचा कार्यक्रम चालविला असून २०१८ सालीं ॲनिमियामुक्त भारत या नांवानें त्याला नवें रूप दिलें. गोळी डॉक्टरांनीं सांगितली असेल तर ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊं नये. लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. शौच काळें होतें, क्वचित् पोट जड होतें, त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. रोज गोळी सोसत नसेल तर दिवसाआड घेतलेल्या गोळींतील लोहाचा मोठा अंश शोषला जातो, असें अलीकडील संशोधनांत दिसून आलें आहे. तो बदल मात्र डॉक्टरांना विचारून करावा. कांहीं आठवड्यांतच जिना सोपा वाटूं लागतो, आणि नेमक्या त्याच वेळीं गोळ्यांची पट्टी फ्रिजवर पडून राहते. रक्ताचा आंकडा १२ वर आला तरी शरीराचें कोठार रिकामेंच असतें. तें भरण्यासाठीं गोळी पुढें आणखी तीन महिने चालू ठेवावी लागते.