कोयत्यामागचे मूल

निराधार मुलांविषयी बोलणे निघाले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अनाथाश्रम उभा राहतो. ज्याला आई नाही, बाप नाही ते निराधार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हां मंडळींस मात्र निराळे चित्र दिसते. आईबाप जिवंत आहेत, धडधाकट आहेत, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत आहेत, आणि तरीही मुलास आधार नाही, अशी घरे आम्ही नित्य पाहतो. उसाच्या फडावरची घरे त्यांपैकी होत. मूल निराधार कसे होते आणि त्याला आधार द्यावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे या एका उदाहरणावरून नीट समजण्याजोगे आहे.

प्रथम धंद्याची रीत पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांच्या कोरडवाहू गावांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्यात पट्टा पडल्यावर परततात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ही उचल एकट्या माणसाला सहसा मिळत नाही. ती ‘कोयत्या’ला मिळते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजुरी दिवसावर नसून टनावर असते. जानेवारी २०२४ मध्ये टनाचा तोडणीदर २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर नेण्याचे ठरले. दरवाढ झाली हे चांगलेच झाले. पण हा दर दोघांच्या श्रमाचा आहे, हे विसरता कामा नये. बाई आजारी पडली तर निम्मा कोयता अडतो, आणि वर खाड्याचा दंड सोसावा लागतो.

या हिशेबात मुलासाठी जागाच नाही. तान्हे पोर फडाच्या कडेला पाचटावर निजते. त्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण लागते. म्हणजे ती शाळेतून गेली. बारा वर्षांचा भाऊ वाढे गोळा करू लागला, मोळ्या वाहू लागला की टन वाढतो, तोही गेला. उरली पंधरा वर्षांची मुलगी. गावी ठेवावी तर राखण करायला कोणी नाही. बरोबर न्यावी तर कोपीला दार नाही. मग तिचे लग्न उरकले जाते. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि नवी उचल मिळते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांहून अधिक आढळले. हा फरक नुसत्या रूढीने पडलेला नाही, त्यात धंद्याच्या रीतीचाही वाटा आहे.

कोणी म्हणेल, असे आईबाप मुलांना काय सांभाळणार? मुले त्यांच्यापासून काढून एखाद्या संस्थेत ठेवावीत हे बरे. आमचे उत्तर असे की, आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? घरालाच आधार नसेल तर घर मुलाला आधार कोठून देणार? आणि कायदाही आमच्याच बाजूने बोलतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय म्हटला आहे. संकटातील मुलाविषयी निर्णय घेण्यास जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. बाप वारला, आई एकटी पडली किंवा दुर्धर आजार जडला, अशा पात्र घरांतील मुलासाठी मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून महिना ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे.

स्थलांतर करणाऱ्या घरासाठी आणखी काही दुवे आहेत. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर मूल आजी-आजोबांजवळ गावी राहून तेथल्याच शाळेत शिकू शकते. बरोबर गेलेच, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, दाखला आणला नाही एवढ्या कारणाने कोणतीही सरकारी शाळा सहा ते चौदा वयाच्या मुलास परत धाडू शकत नाही. पुष्कळ मजुरांस हे ठाऊक नसते. आणि ठाऊक नसलेला हक्क नसल्यासारखाच.

खरी खोट आहे ती तान्ह्या मुलाच्या बाबतीत. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले होते. परंतु फडावरची बाई कोणाची कामगार? कारखाना म्हणतो मुकादमाची, मुकादम म्हणतो कारखान्याची. या टोलवाटोलवीत पाळणा कोठेच बांधला जात नाही. यावर तोड नाही असे मात्र नाही. हमालालाही एक मालक नव्हता. तरी १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे निघाली, मालकांकडून लेव्ही घेतली गेली, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व इतर सोयी उभ्या राहिल्या. ऊसतोड कामगारांसाठीही कल्याण महामंडळ स्थापन झाले असून कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत असे ठरले आहे. त्या पैशातला पहिला रुपया पाळणाघराकडे जावा, ही आमची मागणी आहे.

वाचकहो, यात शहरातल्या माणसाने काय करावे? तीन गोष्टी करता येतील. संकटात सापडलेले मूल दिसले, बालविवाहाची कुणकुण लागली, तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. त्यास पैसा पडत नाही. जे शिक्षक आहेत त्यांनी हंगामात कोप्यांवर जाऊन मुले शाळेत आणावीत. आणि आपल्यापैकी कित्येकजण, किंवा आपले गावाकडचे भाऊबंद, सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सभेत उसाच्या भावावर आपण तावातावाने बोलतो. तेथेच उभे राहून एवढे विचारावे की, आपल्या कारखान्याच्या फडावर पाळणाघरे किती? उत्तर मिळेपर्यंत दरवर्षी विचारावे. मालक या नात्याने तो प्रश्न आपला आहे, आणि साखर खाणारा या नात्यानेही आपलाच आहे.