साहेब गेलेच नाहीत तर?

मुलांनो, शाळेत तपासणीला साहेब येणार असले की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. फाटकाशी मोटारसायकल थांबते आणि अख्खा वर्ग चिडीचूप! छातीत धडधड, तळहातांना घाम आणि काल घडाघडा म्हटलेला तेराचा पाढा ऐन वेळी गुल! खोटं कशाला सांगू, आम्हा बाईंचीही छाती धडधडते, बरं का! मग साहेब जातात. आपण 'हुश्श' करतो, घोटभर पाणी पितो आणि पाढा आपोआप आठवतो.

आता अशी कल्पना करा, की साहेब गेलेच नाहीत! दुसऱ्या दिवशीही वर्गात तेच, बाजारात गेलात तर मागे तेच, घराच्या दाराशीही तेच उभे. आणि तुमच्याच मागे का? तर तुमच्या कातडीचा रंग वेगळा म्हणून! अशी धडधड वर्षानुवर्षं चालू राहिली, तर शरीराचं काय होईल?

ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेतल्या लाखो कृष्णवर्णीय माणसांनी असे दिवस काढले आहेत. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलं होतं. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. तरीही दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांची शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा! १९६४ च्या कायद्यानं सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरवला. पण कायदा बदलला म्हणून माणसांची मनं एका रात्रीत थोडीच बदलतात? नोकरी मागताना, भाड्यानं घर शोधताना, रस्त्यात पोलिसानं अडवल्यावर रंगावरून वेगळी वागणूक मिळाल्याचे अनुभव लोक आजही सांगतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. अमेरिकेत पहिल्यांदा पक्षाघात होण्याचा धोका गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांना जवळजवळ दुप्पट आहे. पक्षाघात म्हणजे ज्याला घरात आपण 'लकवा' म्हणतो, तो. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं किंवा मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, की तो होतो. म्हातारपणी विस्मरणाचा आजार होण्याचं प्रमाणही त्यांच्यात सुमारे दुप्पट आहे.

असं का? त्यांचा मेंदू वेगळा असतो का? मुळीच नाही! कातडीचा रंग ठरतो तो मुख्यतः मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यानं. कातडी गडद असली, म्हणून आतला मेंदू कच्चा ठरत नाही. मग कारण कुठं शोधायचं? त्यासाठी आधी आपली धडधड समजून घेऊ.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते. आपण घाबरलो किंवा चिडलो, की तिच्यातून ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल नावाची द्रव्यं रक्तात येतात. हृदय जोरात चालतं, रक्तदाब वाढतो, स्नायूंना ताकद मिळते. समोर साप आला तर पळायला हे उपयोगीच! पण साप गेल्यावर हे सारं शांत व्हायला हवं. झालं नाही तर? बागेतली रबरी नळी आठवा. मोटर सतत जोरात चालू ठेवली, की नळी एक दिवस कुठंतरी तडकतेच. तसंच रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला, की मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या खराब होतात. शिवाय आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूचा जो भाग आहे, त्यालाही जास्तीचं कॉर्टिसॉल सोसत नाही.

अमेरिकेत जॉन हेन्री नावाच्या काळ्या मजुराची एक लोककथा आहे. रेल्वेच्या बोगद्यासाठी खडक फोडताना त्यानं वाफेच्या यंत्राशी शर्यत लावली. हातातल्या घणानं त्यानं यंत्राला हरवलं आणि तिथंच कोसळून प्राण सोडला.

पुढं १९७८ साली शर्मन जेम्स नावाच्या संशोधकांना नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक काळे शेतकरी भेटले. योगायोग पाहा, त्यांचं नाव जॉन हेन्री मार्टिन! गरीब घरचे, शिक्षण फारसं नाही. कर्ज काढून त्यांनी ७५ एकर जमीन घेतली. ते फेडायला ४० वर्षांची मुदत होती, पण रात्रंदिवस राबून त्यांनी ते पाच वर्षांत फेडलं! मात्र साठीच्या आतच उच्च रक्तदाबासारखी दुखणी त्यांच्यामागं लागली. जेम्स यांना वाटलं, गाठीला पैसा नाही, पाठीशी कुणी नाही, तरीही अन्यायाशी एकट्यानं झुंजत राहायचं, याची किंमत शरीर मोजत असावं. या झुंजीला त्यांनी नावच दिलं, 'जॉन हेन्रीइझम'.

१९९५ पासून अमेरिकेत सुमारे ५९ हजार कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याची नोंद ठेवली जात आहे. तिच्या आधारे २०२३ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नोकरी, घर आणि पोलीस या तिन्ही ठिकाणी भेदभाव सोसल्याचं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांच्यात पक्षाघाताचा धोका, तसा अनुभव नसलेल्या स्त्रियांपेक्षा ३८ टक्के जास्त आढळला.

सारा दोष एकट्या ताणाचा नाही, हेही लक्षात ठेवा. गरिबी, दवाखाना लांब असणं, उपचार उशिरा मिळणं, ही कारणंही आहेतच. पण त्यांच्याही मुळाशी पुष्कळदा जुना भेदभावच असतो. आणि हो, परीक्षेच्या धडधडीला घाबरू नका! ती येते नि जाते. घातक असतो, तो न संपणारा ताण.

आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं होतं. इतक्या दूरच्या माणसांचं दुःख त्यांना आपलं वाटलं. आपल्या बाकावरच्या मित्राचं आपल्याला वाटायला नको का?

वर्गात कुणाला 'काळ्या' म्हणून हाक मारली जाते, कुणाच्या बोलण्याला हसलं जातं, आडनाव ऐकून कुणाला डब्याला बसताना बाजूला ठेवलं जातं. हसणारे पाच मिनिटांत विसरतात. ज्याला हसले, त्याची धडधड मात्र उद्या शाळेत येतानाही चालूच असते. पालकांनो, घरात आपण सहज बोलून जातो, तेच मुलं शाळेत घेऊन येतात, हे विसरू नका. आणि वर्षातून एकदा तरी स्वतःचा रक्तदाब जरूर मोजून घ्या.

मुलांनो, तपासणीचे साहेब तासाभरात निघून जातात. आपण मात्र कुणाच्या मागचे न जाणारे साहेब व्हायचं नाही. ठरलं ना?