गादी नको, बोल्ट आवळा

ऊसतोडणी सुरू झाली की पुणतांब्याचे रस्ते ट्रॅक्टरचे होतात. जाताना मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, येताना त्याच दोन रिकाम्या. रिकामं परतताना एका ठरावीक वेगाला सगळं धूड उड्या मारू लागतं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पाटे नसतात की स्प्रिंगा नसतात. टायरमधली हवा हीच काय ती स्प्रिंग, आणि तिची स्वतःची चाल सेकंदाला दोन ते चार हेलकाव्यांची. रस्त्याचा ताल त्या चालीशी जुळला की उसळी वाढत जाते. मुरलेला चालक अशा वेळी घाबरून ब्रेकवर पाय ठेवत नाही. तो वेग जरा उतरवतो, रस्ता मोकळा असेल तर जरा चढवतो, आणि उसळी आपोआप विरते.

गाडीत संगणक बसवून तो हादऱ्यांपासून वाचवण्याचं शास्त्र मुळात एवढंच आहे. हादरा केवढा, यापेक्षा तो सेकंदाला किती वेळा येतो हे आधी बघायचं.

आता गाडीत संगणक म्हटलं की डोळ्यांसमोर टचस्क्रीन येतो. तो त्यातला सर्वांत बिनमहत्त्वाचा. खरा संगणक दिसत नाही. बॉनेटखाली, डॅशबोर्डच्या पोटात, सीटखाली ॲल्युमिनियमची चपटी डबी असते. गॅरेजवाले तिला ईसीएम म्हणतात, कागदोपत्री ईसीयू. क्रॅंकला जोडलेल्या दातेरी चाकाचे दात मोजायचे, पिस्टन कुठे आहे ते ओळखायचं आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या हिशोबाने इंजेक्टर उघडायचा, हे तिचं काम. फोक्सवॅगनने १९६७ साली आपल्या एका मोटारीत इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आणली तेव्हा आत ट्रान्झिस्टरची मांडणी होती, आज ज्याला संगणक म्हणतो तसं काही नव्हतं. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक बीएमडब्ल्यूत बसली आणि अंकांवर चालणारी डबी इंजिनाच्या शेजाराला कायमची राहायला आली.

आपल्याकडे ती गावोगावी पोचली ती धुराच्या कायद्यांमुळे. १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर लागू झालं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींमधून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ची धुराची मर्यादा लागली, आणि कॉमन रेल इंधन-फवारणीच्या मागोमाग संगणक थेट उसाच्या फडात उतरला. चांगदेव महाराज वाघावर बसून निघाले नि ज्ञानदेव भिंत चालवत सामोरे आले, ही कथा ज्या पुणतांब्याला तोंडपाठ, तिथे वाहनात विचार करणारं काहीतरी असण्याचं नवल कुणाला वाटलं नसावं.

गाडीतले हादरे एका जातीचे नसतात. कारचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला एक-दीड वेळा हेलकावतो. हे पोटाला कळतं. चाक आणि ॲक्सल खड्ड्यावर आदळून थरथरतात ते सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. हे ढुंगणाला कळतं. इंजिनाचा हिशोब तर कागदावर मांडता येतो: चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर फिरत असेल तर सेकंदाला २५ फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन स्फोट, म्हणजे ५० हर्ट्झ. बाकी सैल पत्रे, फॅन, टायरची नक्षी यांची कुरकुर शेकड्यांत जाते. हे सगळं एकाच वेळी त्या डबीवर येऊन आदळत असतं.

मग माणूस काय करतो? खाली स्पंज टाकतो.

शिर्डीकडे जाणाऱ्या पालख्यांच्या रथात, वरातीतल्या डीजेच्या गाडीत, प्रचाराच्या एलईडी व्हॅनमध्ये लॅपटॉप किंवा छोटा पीसी बहुधा गादीच्या फोमवर निजवलेला असतो. हेतू चांगला, हिशोब मात्र उलटा. कुठलीही वस्तू मऊ आधारावर ठेवली की तिची स्वतःची एक चाल तयार होते, आणि ती काढायला प्रयोगशाळा लागत नाही, फूटपट्टी पुरते. वस्तूच्या वजनाने आधार किती मिलिमीटर दबला ते बघायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं. फोम तीन मिलिमीटर दबला तर उत्तर येतं साधारण ९ हर्ट्झ. (फोम काही पोलादी स्प्रिंगेइतका सरळमार्गी नसतो, पण अंदाजाला एवढं चालतं.) यापुढचा नियम पक्का आहे: आधार हादरे अडवू लागतो तो स्वतःच्या चालीच्या १.४१ पटींच्या वर गेल्यावर, म्हणजे इथे १३ हर्ट्झच्या पुढे. त्याखाली तो काहीच अडवत नाही, आणि ९ च्या आसपास तर मिळालेला हादरा वाढवून देतो. चाकाची थरथर दहा ते पंधराची. म्हणजे नेमक्या ज्या खड्ड्यापासून लॅपटॉपला वाचवायचं, त्याच खड्ड्याला स्पंज साथ देतो. खरंच वाचवायचं तर आधार पंधरा-सोळा मिलिमीटर दबायला हवा, तेव्हा कुठे चाल ४ हर्ट्झवर उतरते. मग डबीला चहूबाजूंनी हलायला दोन-चार बोटं मोकळी जागा सोडावी लागते, आणि ती गाडीत कुणाकडे असते? शिवाय फोम उष्णताही कोंडतो. वैशाखात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या वर जातो. त्यात पंख्याची जाळी गादीत रुतलेली. असा लॅपटॉप बंद पडला की खापर खड्ड्यावर फुटतं, मेलेला असतो तो उकाड्याने.

जुन्या हार्डडिस्कची गोष्ट आणखी नाजूक. फिरत्या तबकडीवर तिचं टोक काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. डीजेवाल्यांनी ऐकावा असा एक किस्सा मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये सांगितला. जॅनेट जॅक्सनचं ‘ऱ्हिदम नेशन’ हे गाणं लावलं की काही जुने लॅपटॉप बंद पडत. इतकंच नव्हे, शेजारच्या लॅपटॉपवर वाजलं तरी बंद पडत. गाण्यातला एक सूर ५४०० फेऱ्यांच्या हार्डडिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने शेवटी तेवढा सूर आवाजातून गाळणारी चाळणी बसवली, आणि २०२२ मध्ये संगणक-सुरक्षेच्या त्रुटींच्या जागतिक यादीत या गाण्याची रीतसर नोंदही झाली. हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत हलणारं काही नाही, तिच्या कागदावर १५०० जी धक्का सोसण्याचा आकडा सर्रास छापलेला असतो. गाडीत संगणक ठेवायचाच असेल तर पहिला खर्च तिच्यावर करावा, बाकीचं मागाहून.

कारखान्यातून गाडीसोबत आलेली डबी स्पंजच्या वाटेलाच जात नाही. भंगारात निघालेल्या पिकअपचा ईसीएम उघडून बघण्यासारखा असतो. झाकणाच्या कडेने चिकट सीलची अखंड रेघ. पाना घालून उचकावं लागतं. आत एकच पाटी, तळहाताएवढी, आणि तिला कडेने नि मध्येही स्क्रू. पाटी जितकी लहान आणि जितक्या जास्त ठिकाणी धरलेली, तितकी तिची स्वतःची चाल वर जाते. ती शेकड्यांत नेऊन ठेवली की चाकाची थरथर आणि इंजिनाचा मुख्य ठोका दोन्ही खालीच राहतात, आणि पाटी वाकण्याऐवजी गाडीसोबत अख्खी हलते. पाटीवर पारदर्शक लेप असतो, तिरकं धरलं की चकाकतो. दमट हवा आणि धूळ त्याच्यावरच अडते. उभे, जड कपॅसिटर मुळाशी पांढऱ्या चिकट लुकणाने पाटीला बांधलेले असतात, कारण हादऱ्यात पहिले पाय मोडतात ते उंच भागांचे. घरच्या पीसीत रॅमची पट्टी खाचेत बसवलेली असते, इथे खाच नावाची गोष्टच नाही, सगळं डाखलेलं. पंखा नाही, ॲल्युमिनियमची पाठच उष्णता बाहेर टाकते. फोम, रबर, गादी यांचा पत्ता नाही. इंजिनावर चढवलेल्या काही डब्यांना रबरी बुश दिसतात, पण तेही मोजून-मापून निवडलेले, हाताला लागले ते नव्हेत.

तरी डब्या मरतात. बहुतेक वेळा डबी मरतच नाही, मरतो वायरी जोडणारा कप्लर.

पुणतांबा ते श्रीरामपूर पट्ट्यातल्या कुठल्याही चांगल्या गॅरेजात हे ऐकायला मिळेल. ट्रॅक्टर मध्येच बंद पडतो, परत चालू होतो, स्कॅनर लावला की क्रॅंक सेन्सरचा कोड दाखवतो. सेन्सर बदलला तरी दुखणं तसंच. कप्लर काढून परत लावला की महिनाभर गाडी ठणठणीत, पुन्हा तेच. कारण असं की पिन आणि तिची खाच एकमेकींवर केसाहून बारीक अंतराने सतत घासत असतात. कथिलाचा मुलामा घासून निघतो, त्याची भुकटी हवेने गंजते आणि दोघींमध्ये न दिसणारा पडदा तयार होतो. काढून-लावताना तो खरवडला जातो, म्हणून तात्पुरतं बरं वाटतं. महत्त्वाच्या पिनांना सोन्याचा मुलामा देतात तो दिमाखासाठी नाही, सोनं गंजत नाही म्हणून. हाडाचा मेकॅनिक अशा वेळी डबीकडे बघतसुद्धा नाही. तो वायरिंगचा गठ्ठा हातात धरतो, इंजिन चालू ठेवतो आणि गठ्ठा जरा-जरा हलवत जातो. मग इंजिनाचं फाउंडेशन तपासतो. ते रबर बसलं असेल तर इंजिन जास्त नाचतं आणि वायरिंगला ओढतं. शेवटी बॅटरीचे टर्मिनल. चालत्या गाडीत टर्मिनल हादऱ्याने सुटला तर अल्टरनेटरची वीज एकदम अनाथ होते, आणि रोखणारं काही नसेल तर बारा व्होल्टच्या वायरिंगमध्ये क्षणभर ऐंशी-शंभर व्होल्ट उसळतात. हजारोंची डबी दहा रुपयांच्या नटापायी जाते, ती अशी.

हादरे सोसण्याची परीक्षा घेणारी एक मोठी जागा पुणतांब्याच्याच जिल्ह्यात आहे. अहिल्यानगरजवळच्या वाहननगरात डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई. लोकांच्या तोंडी शहर अजून नगरच आहे आणि संस्था व्हीआरडीच. लष्करी गाड्यांसाठी उभी राहिलेली ही संस्था नागरी वाहनांनाही मंजुरीच्या चाचण्या देते. तिच्या राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्रात वेगाच्या धावपट्टीसोबत गाडी खिळखिळी करायला मुद्दाम बांधलेले खडबडीत मार्ग आहेत, आणि विद्युतचुंबकीय हस्तक्षेप तपासणारी प्रयोगशाळाही. पुण्यात १९६६ पासूनची वाहन-संशोधन संस्था एआरएआय आहेच. डबीला स्वतंत्रपणे कंपन-टेबलावर बांधतात तेव्हा आयएसओ १६७५० हे मानक वापरतात. त्यातली कारच्या सांगाड्यावर बसणाऱ्या उपकरणाची एक चाचणी अशी: १० ते १००० हर्ट्झची अनियमित थरथर, सरासरी जोर २७.८ मीटर प्रति वर्गसेकंद, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास तिप्पट, प्रत्येक दिशेला ८ तास. व्यापारी वाहनांसाठी तास ३२. त्यातच तापमान खाली-वर होत राहतं, कारण गारठलेला प्लास्टिकचा कप्लर वेगळा तुटतो आणि तापलेला वेगळा. माझं मत विचाराल तर नगर-मनमाड रस्त्याचा पावसाळ्यातला तुकडा या टेबलाला जोडीदार म्हणून शोभेल. फक्त तिथे निकालाचा कागद मिळत नाही.

पण गाडीत दोन जागा अशा आहेत की तिथे हादऱ्यापासून वाचवणं हाच गुन्हा. पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकलं की धातू सहा-सात हजार हर्ट्झच्या सुरात वाजतो. सेन्सरातला स्फटिक तो ऐकतो आणि ईसीएम ठिणगी मागे घेतो. त्याचा बोल्ट साधारण २० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. कमी आवळला किंवा खाली वॉशर घातला की सेन्सर बहिरा होतो, आणि कुणाला कळतही नाही. दुसरी जागा एअरबॅगच्या संगणकाची. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, तेव्हापासून ही डबीही घरोघरी आली. ती गियरच्या दांड्याखाली, गाडीच्या कण्यावर, थेट पत्र्याला बोल्ट केलेली असते आणि तिच्यावर पुढच्या दिशेचा बाण असतो. खड्डा, गतिरोधक, दार आपटणं आणि समोरून बसलेली धडक यांतला फरक तिला साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत ओळखायचा असतो. कुणी सीटकव्हर बदलताना ती सोडवून खाली फोमची पट्टी घातली, तर धडकेची लाट तिच्यापर्यंत उशिरा आणि भलत्याच आकारात पोचणार. त्या काही मिलिसेकंदांत चालकाचं डोकं पुढे निघालेलं असतं.

म्हणून पालखीच्या रथात किंवा बोलेरोत स्वतःचा संगणक बसवणाऱ्याने फोमचा तुकडा बाजूला ठेवावा. लहान, बिनपंख्याची, एसएसडीची डबी घ्यावी. डॅशबोर्डवर नको, मागच्या ॲक्सलच्या डोक्यावरही नको. दोन्ही ॲक्सलच्या मधोमध, सीटखालच्या जाड पत्र्यावर चार बोल्टांनी बसवावी, नट आत नायलॉनचं कडं असलेले, म्हणजे हादऱ्याने सुटत नाहीत. वीज बॅटरीवरून थेट, फ्यूज घालून, आणि मध्ये असा पुरवठा की स्टार्टर मारताना व्होल्टेज सात-आठवर कोसळलं तरी संगणकाला कळणार नाही आणि चावी काढल्यावर तो आधी नीट बंद होऊ शकेल. राहिल्या वायरी. डबीपासून वीतभर अंतरावर प्रत्येक वायर पत्र्याला क्लिप करायची आणि मधल्या वितीत जरा ढिली सोडायची. ताणलेली वायर कप्लरला ओढते आणि लोंबती वायर त्याला हलवत राहते.