दक्षिण कोठे सुरू होते?

काशीला गंगा उत्तरवाहिनी आहे. त्यामुळे दशाश्वमेध घाटावरून प्रवाहाच्या उलट चालू लागले, की यात्रेकरू दक्षिणेकडे जात असतो. अहल्याबाईंचा घाट मागे पडतो, दरभंगा, राणा, चौसट्टी हे घाट मागे पडतात आणि मग एक भक्कम दगडी घाट लागतो. नावाडी त्याला राजाघाट म्हणतात. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. ज्याच्या नावाने तो ओळखला जाई, तो राजा नव्हता. पुण्याच्या गादीच्या अगदी जवळ जाऊन परतलेला एक पेशवा होता.

अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. दुसऱ्या बाजीरावांचा जन्म व्हायच्या आधी त्यांना दत्तक घेतले होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ बाजीरावांच्या व शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला, बाजीराव वसईस पळाले आणि काही महिने पुण्याचा कारभार अमृतरावांच्या हाती आला. १८०३ च्या मे महिन्यात इंग्रजांनी बाजीरावांना पुन्हा गादीवर बसविले. त्याच वर्षी अमृतरावांनी इंग्रजांशी तह केला, सालीना सात लाख रुपयांची नेमणूक पदरात घेतली आणि पुढे ते काशीस येऊन राहिले. १८२४ साली तेथेच त्यांचा अंत झाला. दानधर्म, अन्नदान आणि घाटाचे दगडी बांधकाम यांमुळे त्यांचे नाव काशीत राहिले. मराठी इतिहासग्रंथांत मात्र त्यांच्या वाट्याला क्वचितच एखाद्या परिच्छेदाहून अधिक जागा आलेली आहे.

अमृतराव व त्यांच्याबरोबर आलेली मंडळी काशीच्या लोकांच्या दृष्टीने कोण होती? पुण्याची नव्हेत, कोकणची नव्हेत, देशावरचीही नव्हेत. ती 'दक्षिणी' होती. काशीत मराठी माणसाला हेच नाव आहे आणि ते अमृतरावांच्याही फार आधीचे आहे. पैठणहून येऊन काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभारण्याच्या कामी पुढाकार घेतला, 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ लिहिला. त्यांच्याच वंशातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. या घराण्याचा काशीच्या पंडितसभेत मोठा दरारा होता. पण तो दरारा दाक्षिणात्य पंडितांचा दरारा म्हणूनच ओळखला जाई.

जुन्या वर्गवारीने तर याहून पुढची मजल गाठलेली आहे. ब्राह्मणांचे पंचगौड आणि पंचद्राविड असे दोन विभाग तिने केले. विंध्याच्या उत्तरेचे ते गौड, दक्षिणेचे ते द्राविड. या पंचद्राविडांत कर्नाटक, तैलंग आणि द्रविड यांच्या पंक्तीला महाराष्ट्र बसलेला आहे, आणि गुजरातही. मुंबईत बसून 'ते द्रविड लोक' असे बोलणाऱ्या मराठी गृहस्थाने एकदा काशीयात्रा केली, तर तेथील जुन्या शास्त्र्याने त्याला निमूटपणे द्राविडांच्या पंक्तीत पान मांडून दिले असते.

प्रदेशावरून माणसाचा स्वभाव आणि आचार ठरवून टाकण्याची सवय फार जुनी आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात, दक्षिणेचे पाच आणि उत्तरेचे पाच असे वादग्रस्त आचार मोजून दिलेले आहेत. दक्षिणेकडील लोक मुंज न झालेल्याबरोबर जेवतात, बायकोबरोबर जेवतात, शिळे अन्न खातात, मामाच्या मुलीशी आणि आत्याच्या मुलीशी लग्न करतात. उत्तरेकडील लोक लोकर विकतात, मद्य पितात, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यापार करतात, शस्त्रे धारण करून पोट भरतात आणि समुद्रप्रवास करतात. पुढे सूत्रकार म्हणतो, की ज्या देशी जी चाल आहे तेथे ती चालू द्यावी, दुसऱ्याच्या देशात जाऊन ती केली तर दोष. आणि लगेच गौतमाचा विरोधही नोंदवितो. आजच्या वाचकाला यातील समुद्रप्रवास मोठा गमतीचा वाटेल, कारण पुढे चोळांची आरमारे दक्षिणेतून निघाली आणि समुद्र ओलांडल्यास दोष लागतो ही समजूत उत्तरेतही पुष्कळ काळ टिकली. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे होते ते त्याने लिहिले. लोक मात्र यादीत थांबून राहिले नाहीत.

या यादीतील एका चालीपाशी महाराष्ट्राला थोडे थांबावेच लागते. मामेबहिणीशी लग्न ही गोष्ट काशीच्या गृहस्थाला ऐकवत नाही. तेथे ती बहीणच. महाराष्ट्रातील अनेक जातींत मात्र मामाची मुलगी करणे ही मान्य, किंबहुना पसंतीची सोयरीक होती. आत्याची मुलगी करणे मात्र त्यांतील पुष्कळांना वर्ज्य. तमिळ प्रदेशात मामाची आणि आत्याची, दोन्हीकडची मुलगी चालते. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांच्या व्यवस्थेवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्राला उत्तरेतही घातले नाही, दक्षिणेतही घातले नाही. मधल्या पट्ट्यात ठेवले. भाषा उत्तरेच्या कुळातील आणि नात्यागोत्याचा व्यवहार अर्धा दक्षिणेचा, अशी ही वस्तुस्थिती आहे. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ती अडचणीची वाटते. मराठी घराला तिची कधी अडचण वाटली नाही.

अमृतराव घाटावरून तसेच पुढे दक्षिणेकडे गेले, की नारदघाट, मानसरोवर, क्षेमेश्वर, चौकी हे घाट ओलांडून केदारघाट येतो. येथे पाट्यांची लिपी बदलते, आणि सकाळच्या वेळी कानावर तमिळ पडू लागते. पलीकडे विजयनगरम् संस्थानचा घाट, हरिश्चंद्राचे स्मशान, कर्नाटकाचा घाट आणि मग हनुमानघाट. अर्ध्या तासाच्या या वाटेवर महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडू एकमेकांना खेटून उभे आहेत, आणि काशीच्या बोलीत हे सगळेच दक्षिणेचे.

हनुमानघाटाच्या वस्तीत १८९८ साली एट्टयपुरमहून एक पोरका मुलगा आत्याच्या घरी राहावयास आला. तो पुढे महाकवी सुब्रह्मण्य भारती म्हणून प्रसिद्ध झाला. चार वर्षे तो काशीत होता. संस्कृत आणि हिंदी तेथे शिकला. भारतींचे जे चित्र तमिळनाडूतील शाळाशाळांतून टांगलेले असते, त्यातील फेटा आणि झुपकेदार मिशा ही काशीच्या वास्तव्याची देणगी आहे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तमिळ अभिमानाचे प्रतीक झालेले ते मुंडासे गंगेच्या काठावरचे आहे.

याच्या नेमके उलट पारडे पाहावयाचे तर कावेरीच्या काठी जावे लागते. मराठी माणूस एखाद्या दक्षिणी राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिला तर त्याचे काय होते, हे तंजावरास दिसते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तेथे भोसल्यांची सत्ता स्थापिली आणि ती १८५५ पर्यंत या ना त्या रूपात टिकली. तंजावरचे शेवटून दुसरे राजे सरफोजी १८२० साली काशीयात्रेस निघाले. अमृतराव तेव्हा हयात होते. सरफोजींच्या सरस्वती महाल ग्रंथालयात काशीच्या घाटांची चित्रे आजही जपलेली आहेत. काशीतील मराठी दक्षिणी होते हे आपण पाहिले. त्यांना भेटावयास खऱ्या दक्षिणेतून मराठी बोलत एक राजा येतो, तेव्हा 'दक्षिणी' या शब्दाला कोणता अर्थ उरतो?

तंजावरच्या मराठ्यांविषयी महाराष्ट्रात दोन समजुती आढळतात. एक अशी, की त्यांनी तेथे जाऊन मराठी संस्कृतीचा झेंडा रोवला. दुसरी अशी, की ते तमिळांत विरघळून गेले, त्यांच्यात मराठीपणा उरला नाही. दोन्ही समजुती दुरून केलेल्या आहेत. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९० च्या सुमारास 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक लिहिले, म्हणजे सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या आधी दीडशे वर्षे. पण याच राजाने तेलुगूतही विपुल लिहिले, आणि 'पंचभाषाविलास' नावाच्या नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत या पाच भाषा रंगभूमीवर एकत्र आणल्या. पात्रे आपापल्या भाषेत बोलतात आणि त्यांचे एकमेकांशी काही अडत नाही. ज्या राजाच्या दरबारात रोजच असे घडत होते, त्यालाच हे नाटक सुचणे शक्य होते.

सरफोजींचे 'देवेंद्र कुरवंजी' हे त्याहून नवलाचे. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरावरची कुरव जातीची स्त्री येते आणि भविष्य सांगते. सरफोजींच्या कुरवंजीत ही स्त्री मराठीत बोलते, आणि सांगते काय, तर पृथ्वीचा भूगोल! श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या राजाने तमिळ साच्यात, मराठी भाषेत, युरोपी विद्या भरली. बृहदीश्वराच्या देवालयात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा जो प्रचंड मराठी शिलालेख १८०३ साली कोरला गेला, तोही राजराज चोळाने उभारलेल्या भिंतींवर. या गोष्टीला मराठी म्हणावे की तमिळ, हा प्रश्न तंजावरच्या माणसाला पडला नाही.

कीर्तनाची कथा तर अजून चालू आहे. महाराष्ट्रातून तंजावरास गेलेल्या हरिदासांकडून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्ण भागवतर यांनी कीर्तनाची पद्धती उचलली आणि तमिळ हरिकथेला तिचे आजचे रूप दिले. त्यामुळे चेन्नईच्या सभागृहात हरिकथा सांगणारा कथेकरी तमिळ निरूपण करता करता साकी म्हणतो, दिंडी म्हणतो, ओवी आणि अभंगही म्हणतो. समोरच्या श्रोत्याला हे मराठी छंद परके वाटत नाहीत. ते त्याच्या कर्नाटक संगीताचा भाग झालेले आहेत.

अर्थात सगळे गोडच होते असे नव्हे. १८५५ साली राज्य खालसा झाल्यावर दरबारावर पोसलेली घराणी उघड्यावर पडली. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांचे काम संपले. घरात मराठी, बाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी अशी त्रिभाषी राहणी आली, आणि कित्येक घरांत मराठी बोलता येणारी पण वाचता न येणारी पिढी वाढली. तिच्या मराठीला तमिळ वळण आहे. पुण्याहून गेलेला पाहुणा ती ऐकून हसतो. वास्तविक त्या बोलीत सतराव्या शतकातील जे शब्द टिकून राहिले, ते पुण्याने केव्हाच टाकून दिलेले आहेत. हसण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरविणे कठीण आहे.

आता मुंबईकडे वळावयास हवे, कारण या विषयातील दाहक भाग तेथे आहे. मुंबईत विंध्याखालचा नव्हे, तर कृष्णा-तुंगभद्रेखालचा प्रत्येक माणूस 'मद्रासी' ठरला. हा शब्द मुळात अगदीच निराधार नव्हता. जुन्या मद्रास इलाख्यात तमिळ प्रदेशाबरोबर आंध्राचा मोठा भाग, मलबार आणि दक्षिण कानडा जिल्हा यांचा समावेश होता. उडुपीचा खानावळवाला हा कागदोपत्री मद्रास इलाख्याचाच रहिवासी होता. पण १९५३ साली आंध्र वेगळा झाला, १९५६ साली केरळ आणि कानडी मुलूख वेगळे झाले, आणि १९६९ साली उरलेल्या मद्रास राज्याने तमिळनाडू हे नाव घेतले. इलाखा गेला, राज्याचे नाव गेले, मुंबईच्या तोंडातला मद्रासी तेवढा राहिला.

इंग्रजी शिक्षण मद्रास इलाख्यात लवकर पसरले आणि त्या मानाने गिरण्या-कारखाने कमी निघाले. इंग्रजी येणारा, टंकलेखन-लघुलेखन शिकलेला तरुण आगगाडीत बसून मुंबईस आला. माटुंग्यास त्याची वस्ती झाली. १९३२ साली तेथे साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. मराठी तरुणाला नोकरी मिळेना हे दुःखही खरे होते. त्या दुःखाला कोणी हसू नये. परंतु १९६० नंतर जेव्हा साप्ताहिकातून दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या आणि १९६६ साली शिवसेना स्थापन झाल्यावर हा राग रस्त्यावर आला, तेव्हा दगड उडुपी उपाहारगृहांवरही पडले. त्या उपाहारगृहांचे मालक तमिळ नव्हते, कचेरीत कारकून नव्हते आणि मराठी माणसाच्या नोकरीशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांची घरची भाषा तुळू किंवा कोकणी. कोकणी तर मराठीची अगदी सख्खी शेजारीण. लुंगी आणि इडली यांवरून माणूस ओळखू गेले, की अशी ओळख चुकते.

या याद्यांत नावामागील आद्याक्षरांची विशेष चेष्टा होई. नावापुढे आडनाव नाही, मागे मात्र एक-दोन इंग्रजी अक्षरे, हे मुंबईस विचित्र वाटे. ती अक्षरे बहुधा गावाची आणि वडिलांच्या नावाची असतात. मराठी माणूस गावाला 'कर' लावून ते शेवटी ठेवतो. तमिळ माणूस गावाचे पहिले अक्षर पुढे ठेवतो. काशीतच १८८३ साली जन्मलेले आणि 'आज' या दैनिकातून हिंदी वृत्तपत्रांच्या भाषेला घडविणारे बाबूराव विष्णु पराडकर हिंदी पत्रकारितेचे आचार्य झाले, तरी नावाच्या शेवटी गाव वागवीत राहिले. त्यांच्या आधी कुंभकोणम् येथे १८२८ साली एका तंजावरी देशस्थ घरात जन्मलेले माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे आणि १८७५ ते १८८२ या काळात गायकवाडांच्या बडोद्याचे. मद्रासेत शिकलेला आणि त्रावणकोरात नाव कमावलेला हा माणूस होळकर-गायकवाडांच्या दरबारात आला, तेव्हा तो दक्षिणेतून आला असेच सर्वांनी म्हटले. इतिहासात त्यांचे नाव राजा सर टी. माधवराव असे लिहितात. त्यातला 'टी' तंजावरचा आहे.