छाटणी करताय की मुंडण?

मे महिना संपत आला की सिडकोतल्या गल्ल्यांमध्ये एक आवाज ठरलेला. कोयत्याचा. पावसाळ्यात फांदी तारेवर पडायला नको म्हणून गेटसमोरचा गुलमोहर पार खोडापर्यंत उतरवला जातो आणि जाता जाता शेजारच्या आंब्याचंही मुंडण होतं. दुसऱ्या दिवशी ऊन थेट हॉलमध्ये येतं. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे. एकटा कूलर काय काय करणार?

बरं, ज्यासाठी हे केलं तेही साधत नाही. असं बोडकं केलेलं झाड घाबरल्यासारखे पटापट फुटवे काढतं. हे फुटवे वरवरच चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांत ते जाड होतात आणि वादळात आधी तेच मोडतात.

यात कोयता चालवणाऱ्या काकांचा दोष कमी. घोळ झाड निवडतानाच झालेला असतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, छत्रीसारखा पसरणारा, फांदी ठिसूळ. मोठ्या मैदानात तो भारीच दिसतो, पण रो-हाऊसच्या दारात, तारेखाली? नर्सरीत दोन फुटांचं कुठलंही रोप गोंडसच असतं. मोठं झाल्यावर हे किती उंच आणि किती रुंद होणार, हा प्रश्न तिथेच विचारा.

जागा कमी असेल तर कढीपत्ता, लिंबू, पारिजातक, सीताफळ लावा. आपल्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे माझं मत सीताफळाला. दौलताबादकडे डोंगरउतारांवर ते कुणी पाणी न घालता वाढतं. आंबा हवाच असेल तर कोय लावू नका, केसरचं कलम आणा. हिमायतबागेत मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. मराठवाड्यातले बागायतदार दरवर्षी फळं उतरवल्यावर छाटणी करून केसर हाताच्या उंचीत ठेवतात, म्हणजे अंगणातही ते जमेल. फक्त कलमाच्या जोडाखालून आलेली फूट लगेच काढा. ती केसरची नसते, खालच्या खुंटाची असते.

आता कात्री कधी चालवायची? फूल कुठे येतं ते आधी पाहा. मोगरा आणि जास्वंद नव्या फुटीवर फुलतात. मोगरा हिवाळ्यात छाटला की उन्हाळ्यात ओंजळ भरते. आंब्याचं उलट. त्याचा मोहोर पक्व फांदीच्या शेंड्याला येतो. दिवाळीच्या साफसफाईत शेंडे उडवले तर त्या वर्षीचा मोहोरही गेला. पारिजातकाचा बहर सरू द्या, मग छाटा.

जाड फांदी असेल तर करवत आधी खालून थोडी चालवा, मग जरा पुढे वरून. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. उरलेला खुंट शेवटी कापा. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं दिसतं, ते मात्र कापायचं नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून बंद करून टाकतं आणि नवं लाकूड त्याच्याभोवती वाढवतं. ते काम या कड्यापासून सुरू होतं. त्यावर ऑइलपेंट फासून उपयोग नाही.

आणि हो, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार. फांदी खरंच तारेला टेकली असेल तर तिला स्वतः हात लावू नका, महावितरणला कळवा.